पाल, पेंग्विन आणि पेनड्राइव्ह

आमच्या वाचनालयाचा सर्व्हर एका पालीने मारला. तिचा तसा हेतू नसावा. कॅबिनेटच्या मागची एक पट्टी पाच वर्षांपासून निखळलेली होती. त्या फटीतून ती उबेला म्हणून आत शिरली, पॉवर सप्लायमध्ये नको तिथे शेपटी टेकवली, आणि 'फट्' असा आवाज होऊन दोघंही एकदमच गेले. २०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. दिवाळी अंकांची देवघेव सुरू झालेली, काउंटरपासून चपलांच्या रॅकपर्यंत रांग. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "पाल चुकचुकली का हो?"

"नाही आजोबा. तिला तेवढा वेळच मिळाला नाही."

ग्रंथपालबाईंनी काही न बोलता टेबलाच्या खालच्या खणातून जाडजूड रजिस्टर काढलं, त्यावर फुंकर मारली आणि पेनाचं टोपण उघडलं. दहा मिनिटांत रांग संपली. खरं म्हणजे ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण वाचनालयाला कार्यकारी मंडळ आहे.

मंडळाच्या तातडीच्या सभेत तज्ज्ञ म्हणून माझी निवड एकमताने झाली. मी बँकेतून निवृत्त झालो आणि नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत एटीएमच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. आमच्या गावात तज्ज्ञ व्हायला एवढं भांडवल पुरतं. लगोलग 'तंत्रज्ञान उपसमिती' स्थापन झाली. निमंत्रक मी, सदस्य मी, आणि गणपूर्तीसाठी थांबायचं झालं तर थांबणाराही मीच.

आठवड्याभरात मुंबईच्या एका दानशूर सभासदाने आपल्या ऑफिसातून काढलेला एक सर्व्हर एसटीच्या पार्सलने पाठवला. धर्माची गाय, तिला दात का नाहीत म्हणून विचारू नये. तरी मी तोंड उघडून पाहिलंच. चार कोर, आठ जीबी रॅम आणि डिस्क पुसून कोरी. सोबत चिठ्ठी होती : 'ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या आवडीप्रमाणे घालावी.'

आवडीप्रमाणे! मिशी ठेवायची की काढायची हेसुद्धा जन्मात मी आवडीप्रमाणे ठरवलेलं नाही.

काम अर्ध्या तासाचं आहे अशी माझी समजूत होती. डेटाबेस म्हणजे तरी काय, अठरा हजार पुस्तकं, अकराशे सभासद आणि कोणी काय नेलंय याची नोंद. त्याच्याखाली काहीतरी अंथरायचं, सतरंजी म्हणा की चटई. पण गावात ज्याला स्टॅबिलायझर आणि सर्व्हर यांतला फरक माहीत नव्हता, त्यालाही या बाबतीत मत होतं. कटिंगसाठी बसलो तर सलूनवाल्याने मान हातात घेऊन विचारलं, "काका, विंडोज का लिनक्स?" वस्तरा गळ्याशी असल्यामुळे मी म्हटलं, "तू म्हणशील ते."

कार्यवाहांचं मत विंडोज. कारण त्यांच्या घरी विंडोज आहे, त्यांच्या जावयाकडे विंडोज आहे आणि पत्ते खेळायला विंडोजच बरं पडतं. मी चौकशी केली. विंडोज सर्व्हरचा परवाना कोरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान सोळा कोरचा घ्यावा लागतो, हे कळलं. शिवाय जे जे तो सर्व्हर वापरणार त्यांचा परवाना वेगळा. सभेत हे सांगितल्यावर खजिनदार खुर्चीतून अर्धे उठले.

"आपल्या यंत्राला कोर किती?"

"चार."

"आणि पैसे सोळाचे? वर माणशी वेगळे?" खजिनदारांचा मंगल कार्यालयांशी नित्याचा संबंध असल्याने त्यांना हिशेब लगेच उमगला. "म्हणजे हॉल पाचशे माणसांचा घ्यायचा, येणार शंभर, आणि ताटाचे पैसे निराळे."

"लिनक्स फुकट आहे," मी म्हटलं.

खजिनदार पुन्हा बसले, पण चेहऱ्यावर संशय आला. "फुकट? का बरं? काय दोष आहे त्यात?"

फुकटच्या वस्तूकडे बघण्याची आपली दृष्टी मोठी कडक. सव्वा लाखाची वस्तू डोळे मिटून घेऊ, पण फुकट मिळाली तर उलटीपालटी करून, नखाने खरवडून बघू. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हे हौसेने सुरू केलं आणि आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात, असं मी सांगितलं. "हौसेने" या शब्दाशीच खजिनदार अडखळले. त्यांच्या मेहुण्याने हौसेने शेळीपालन केलं होतं.

मग मी भाच्याला फोन लावला. भाचा हिंजवडीला डेटाबेस सांभाळतो. म्हणजे रात्री अडीचला त्याला फोन येतो आणि तो उठतो. पगार त्या उठण्याचा.

"मामा, लिनक्स टाक आणि मोकळा हो."

"बरं. कुठे मिळेल?"

"कुठलं हवंय तुला?"

"म्हणजे एकच नाही?"

पलीकडून जो हसण्याचा आवाज आला तो वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना शोभणारा नव्हता. मग त्याने तासभर मला नावं ऐकवली. मी वहीत टिपून घेतली, आणि मला ते एखाद्या मोठ्या घराण्याच्या भाऊबंदकीचं प्रकरण वाटू लागलं. एक डेबियन. १९९३ साली ते काढणाऱ्या इयानने आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आधी आणि स्वतःचं मागे जोडलं. आपल्याकडे रिक्षाच्या मागे दोन नावं बाणाने जोडून लिहितात, तसं. डेटाबेसवाल्यांचंही तेच. मायएस्क्यूएल ज्याने केलं त्याच्या थोरल्या मुलीचं नाव माय. पुढे तो त्यातून बाहेर पडला आणि त्याने दुसरं काढलं, त्याला धाकटीचं नाव दिलं, मारिया. त्याला तिसरी मुलगी नाही म्हणून बरं, मला वहीचं पान पुरलं नसतं.

उबुंटू हे डेबियनचंच लेकरू. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला एक विशेषण आणि एक प्राणी अशा जोडनावाने बारसं करतात. २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल, तिचं नाव जॅमी जेलीफिश. सभेच्या इतिवृत्तात मला लिहायचं होतं, 'जॅमी जेलीफिश या विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' हात धजेना.

आणि मग सेंटओएस. हे नाव काढताना भाच्याचा आवाज जड झाला. रेड हॅट नावाचं पैसे देऊन घ्यायचं लिनक्स आहे. सेंटओएस म्हणजे त्याचीच फुकट मिळणारी हुबेहूब प्रत. अर्ध्या जगाने सर्व्हरवर तेच घातलेलं. आठवी आवृत्ती आली २०१९ मध्ये. लोक म्हणाले, चला, २०२९ पर्यंत चिंता नाही. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ही आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ ला बंद.

"म्हणजे दहा वर्षांचा भाडेकरार करून सामान लावावं आणि दुसऱ्या वर्षी मालकाने म्हणावं, गणपती झाले की खोली खाली करा?"

"अगदी तसंच, मामा. आम्ही चारशे सर्व्हर हलवले. मी तेव्हा साखरपुडा पुढे ढकलला होता."

त्याच्या जागी मग दोन वारस उभे राहिले. एक रॉकी, सेंटओएसच्या दिवंगत सहसंस्थापकाच्या नावाने. दुसरं अल्मा. स्पॅनिशमध्ये अल्मा म्हणजे आत्मा. सेंटओएसचा देह गेला आणि मागे आत्मा राहिला, हे ऐकून आमच्या अध्यक्षांनी सभेत डोळे मिटून घेतले. ते दासनवमीला प्रवचन करतात.

गावात आणखी एक गृहस्थ होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माझ्या कानावर हे कसं आलं नव्हतं देव जाणे, पण ते फ्रीबीएसडी नावाच्या तिसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमचे उपासक निघाले. बहुधा जिल्ह्यात एकटेच. असे एकटे उपासक फार कडवे असतात, कारण त्यांना चर्चेची संधी वर्षातून एकदा मिळते. ते सकाळी सातला माझ्या दारात आले आणि दुपारी जेवूनच गेले. फ्रीबीएसडीचं मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. व्हॉट्सअ‍ॅप कित्येक वर्षं त्याच्यावर चालत असे, वगैरे. हा मुद्दा मी सभेत मांडला तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "मग त्यात सकाळचे 'शुभ प्रभात' आपोआप येतील का?"

पण त्या गृहस्थांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. डेटाबेस काही लिहितो तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते मधे हातात धरून ठेवते आणि सवडीने लिहिते. म्हणून डेटाबेस अधूनमधून विचारतो, लिहिलंस का? या विचारण्याला एफसिंक म्हणतात. २०१८ मध्ये पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर लिहिताना डिस्कने दगा दिला तर पहिल्या वेळी 'नाही जमलं' असं उत्तर येतं, पण पुन्हा विचारलं की येतं 'झालं'. काम झालेलं नसतंच. ज्या कागदावर ते लिहायचं होतं त्यावरची खूणच पुसलेली असते.

मला हे ऐकून धक्का बसायला हवा होता. बसला नाही. आमच्या वाचनालयाचा शिपाई गेली बावीस वर्षं याच पद्धतीने चालतो.

"पत्र टाकलंस का?"

"नाही, पेटी भरली होती."

तासाने : "टाकलंस का?"

"हो."

पत्र त्याच्या सायकलच्या सीटखाली.

"फ्रीबीएसडी असं करत नाही," गृहस्थ तिसरी पोळी घेत म्हणाले. "ते लिहायचं राहिलेलं विसरत नाही." आणि पिशवीतून त्यांनी त्याचं बोधचिन्ह काढून दाखवलं. लालभडक अंग, डोक्यावर दोन शिंगं, हातात त्रिशूळ. ते चित्र मी सभेत फिरवलं. खजिनदारांनी त्रिशूळ पाहून हात जोडले, कार्यवाहांनी शिंगं पाहून हात मागे घेतले. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "बालविभागाच्या शेजारी हे नको."

त्या सभेचं वर्णन करायला हवं. पोहे झाले होते, चहा यायचा होता. कुठल्याही संस्थेत निर्णय होण्याला ही वेळ सर्वांत घातक. मी लिनक्सचं चिन्ह म्हणून पेंग्विनचं चित्र पुढे केलं. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला.

"हा थंड हवेतला पक्षी. राणीच्या बागेत आणले तेव्हा त्यांना एसी खोली द्यावी लागली. आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ठाऊक आहे ना? आणि आपल्याकडे पंखा आहे. तोही रेग्युलेटर नसलेला."

"साहेब, ते नुसतं चित्र आहे."

"कमळाचं चित्र असलं तरी लक्ष्मी येतेच ना?"

यावर उत्तर नव्हतं. एका देशाभिमानी सदस्यांनी स्वदेशीचा मुद्दा काढला. आपल्या सी-डॅकने भारतीय लिनक्स तयार केलं आहे, त्याचं नाव बॉस, तेच घ्यावं. सी-डॅक पुण्याची म्हणून त्यांना विशेष अभिमान. बॉससुद्धा डेबियनवरूनच केलेलं आहे असं मी म्हणणार होतो, पण त्याआधीच अध्यक्षांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?" "बॉस." "वाचनालयात?" विषय तिथेच मिटला.

इतका वेळ कोपऱ्यात बसून फाटक्या पुस्तकांना डिंक लावणाऱ्या ग्रंथपालबाईंनी मान वर केली.

"मला एक सांगा. यातल्या कशात 'ज्ञानेश्वरी' कुठे येते?"

कोणाला प्रश्नच कळला नाही. मलाही नाही.

"आमच्या कार्डांच्या कपाटात ज्ञ शेवटच्या खणात, क्षच्या नंतर. मेलेल्या सर्व्हरात ती जच्या शेपटाला जायची. लोक शेवटी शोधायचे, मिळायची नाही, मग माझ्याकडे यायचे. आणि ळ? आपला ळ हनंतर. त्यात लच्या मागोमाग. 'काळ' आधी आणि 'काव्य' मागून. हे कोण ठरवतं?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, आपण आत्ता ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल बोलतोय." बाईंनी पुन्हा डिंकाची बाटली उघडली.

रात्री मी भाच्याला सहज म्हणून विचारलं, आणि तो पाच सेकंद गप्प झाला. "हे कोणी विचारलं?" मग म्हणाला, आमच्या मायएस्क्यूएलचा क्रम त्याचा तो ठरवतो, पण त्यांच्या ऑफिसातला पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो की कुठलं अक्षर कुठल्या आधी. २०१८ मध्ये लिनक्सच्या एका मूळ घटकाची, ग्लिबसीची, २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने हा क्रमच बदलला. डेबियन नऊवरून दहावर गेलेल्या लोकांच्या डेटाबेसात मग नोंदी असायच्या, पण सापडायच्या नाहीत. "म्हणजे बघ मामा, जुन्या बाईंनी कार्डं एका क्रमाने लावली, आणि नव्या बाई दुसऱ्या क्रमाने शोधतायत. कार्ड आहे, पण बाई म्हणतात नाही. मग त्या नवीन कार्ड करतात. आता दोन झाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सगळी कार्डं पुन्हा लावली. दोन रात्री. तेव्हा माझं लग्न पुढे ढकललं होतं."

या मुलाचं लग्न शेवटी झालं कसं हेच मला कोडं आहे.

दुसऱ्या सभेत निर्णय झाला. मराठी माणसाच्या सभेत जो होतो तोच : दोन्ही करा. सर्व्हरवर दोन्ही बसवायचं. विंडोज आणायचं कुठून, तर कार्यवाहांच्या जावयाने आपल्या दुकानातला रीतसर परवान्याचा एक जुना संच दिला. सर्व्हरसाठीचा नव्हता, घरगुती होता, पण चालू होत होता. सोमवार ते बुधवार विंडोज, गुरुवार ते शनिवार लिनक्स, रविवारी सुट्टी. कार्यवाह खूश, खजिनदार खूश. मला तेव्हा हा उपाय मुत्सद्दीपणाचा वाटला होता, हेही कबूल करतो.

पहिल्या गुरुवारी लिनक्स चालू केलं. आमचा देवघेवीचा प्रोग्राम २००६ मध्ये वाचनालयाच्या एका विद्यार्थी सभासदाने लिहून दिलेला. तो आता न्यू जर्सीत असतो. प्रोग्रामने पडद्यावर लिहिलं : सभासद हे टेबल अस्तित्वात नाही.

अध्यक्ष मागे उभे होते. "सभासदच नाहीत? मग वर्गणी कोणाकडून घेतली आपण?"

न्यू जर्सीला फोन लावला. तिथे पहाट होती. भानगड अशी निघाली की मायएस्क्यूएल प्रत्येक टेबलाची फाइल करतो. विंडोजला फाइलच्या नावात मोठा एस आणि छोटा एस सारखेच. लिनक्सला ते दोन वेगळे प्राणी. पोराने प्रोग्राममध्ये सकाळी मोठा एस लिहिला होता आणि जेवण झाल्यावर छोटा. सतरा वर्षं कोणाला पत्ता नाही. "काका, तेव्हा मी एफवायला होतो हो," तो झोपेत म्हणाला. मी तीन दिवस बसून पाचशे बारा ठिकाणी एस बारीक केले. बायको म्हणाली, गहू निवडताना एवढं लक्ष दिलं असतं तर.

दुसरा गुरुवार. संध्याकाळी सातला पुस्तक परत करायला आलेल्या एका बाईंना एक रुपया दंड निघाला. मुदत तर आजची होती. त्यांच्या मागच्यालाही रुपया. त्याच्याही मागच्याला. साडेसहानंतर आलेल्या एकूण एक सभासदाला उशिराचा दंड! सर्व्हरवर पाहिलं तर तारीख शुक्रवारची. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तेच घड्याळ ग्रिनिचचं समजून त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. फक्त आमच्या वाचनालयात संध्याकाळी साडेसहाला मध्यरात्र होत होती. बसवताना मला यावर काही विचारलं गेलंही असेल. पडद्यावर जे येईल त्याला 'हो' दाबून पुढे जायचं ही माझी जुनी पद्धत, लग्नसुद्धा तसंच झालं. सर्व्हरला इंटरनेट दिलेलं नव्हतं, त्यामुळे चूक सुधारणारंही कोणी नव्हतं.

शनिवारपर्यंत दंडाचे एकशे त्रेचाळीस रुपये जमले. खजिनदार हिशेब बघून म्हणाले, "लिनक्स फायद्यात आहे."

डेटाबेसही दोन होते, हे सांगायचं राहिलं. बुधवारी रात्री विंडोजमधला डेटा पेनड्राइव्हवर घ्यायचा, गुरुवारी सकाळी लिनक्समध्ये ओतायचा, शनिवारी रात्री उलट. एका बुधवारी माझ्या साडूच्या मुलाची हळद होती, मी विसरलो. गुरुवारी सकाळी सर्व्हरच्या मते सोमवारपासून कोणीही काही नेलेलं नव्हतं. ही बातमी गावात मिनिटभरात पसरली. सभासदांनी दिवाळी अंकांचा दुसरा संच नेला. चार जणांनी तर त्याच आठवड्यात हरवलेल्या पुस्तकांची नुकसानभरपाई परत मागितली, नोंदच नाही तर हरवलं कसं, हा त्यांचा प्रश्न.

शेवटचा प्रसंग मात्र माझ्या एकट्याच्या कर्तृत्वाचा. अध्यक्षांच्या आग्रहावरून वाचनालयाच्या शंभर वर्षांच्या इतिवृत्तांचे फोटो काढून तेही डेटाबेसातच भरले होते, पानांमागून पानं, चाळीसेक जीबी. कुठेसं मी वाचलं होतं की सर्व्हर नुसत्या डेटाबेससाठीच असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत मेमरी डेटाबेसला द्यावी. मी म्हटलं, ऐंशी का? संस्था आपली, डेटाबेस आपला. आठच्या आठ जीबी दिले. स्वॅप नावाची एक राखीव जागा ठेवायची असते, तीही दोन ऑपरेटिंग सिस्टिमींच्या दाटीत मी वाचवली होती.

२६ जानेवारीला गटशिक्षणाधिकारी प्रमुख पाहुणे. अध्यक्षांनी त्यांना पडद्यावर पहिलं इतिवृत्त दाखवायला घेतलं. एक पान, दहा पानं, साठ पानं. पाहुणे जांभई दाबत होते आणि डेटाबेस वाचलेलं प्रत्येक पान मेमरीत साठवत होता. ज्या पानावर संस्थापकांची सही होती तिथे आलो, आणि डेटाबेस नाहीसा झाला. यंत्र चालू, पंखा चालू, फक्त डेटाबेस नाही.

लिनक्सकडे अशा वेळेसाठी एक मारेकरी ठेवलेला असतो. मेमरी संपली की तो साधारण सर्वांत जास्त खाणाऱ्याला शोधून मारतो. एकत्र कुटुंबात धान्य संपलं की जास्तीत जास्त भाकऱ्या खाणाऱ्याला घराबाहेर काढायचं, असा हा न्याय. आता जास्त खाणारा हाच घरातला एकटा कमावता, हे पाहायची त्याला सवड नसते. डेटाबेस सर्व्हरवर सर्वांत जास्त खाणारा म्हणजे डेटाबेसच असणार. मारेकऱ्याने त्याचा गळा घोटला आणि शिपाई पत्ते खेळायचा तो खेळ मात्र शेजारच्या खिडकीत सुखरूप होता.

"संस्थापकांची सही पाहायची राहिली," पाहुणे म्हणाले. त्यांच्या स्वरात मला कृतज्ञता ऐकू आली.

यानंतर मी राजीनामा दिला. तो एकमताने नामंजूर झाला. तिसरी सभा झाली, सहा जण हजर आणि मतं सात, कारण अध्यक्षांना निर्णायक मताचा अधिकार आहे. ठरलं काहीच नाही. पाडव्याला भाचा घरी आला. गुढी उभारून झाल्यावर मी त्याला वाचनालयात घेऊन गेलो. म्हटलं, तू तज्ज्ञ, तू निवड. डेबियन, उबुंटू, रॉकी, आत्मा, काय ते सांग. त्याने खिशात हात घातला. दोन पेनड्राइव्ह निघाले. एकात त्याच्या लग्नाचे फोटो होते.

"दुसऱ्यात?"

"डेबियन बारा."

"म्हणजे तेच सर्वांत चांगलं?"

"मामा, तेच खिशात आहे."

दोन तासांत त्याने विंडोज काढलं, डेबियन बसवलं, डेटाबेसला पाच जीबी दिले, स्वॅप केला, घड्याळ लावलं, पत्ते काढून टाकले. शिपाई बाहेर जाऊन सायकलवर बसला. मी इतिवृत्तात लिहिलं : 'तंत्रज्ञान उपसमितीने पाच महिने सर्व पर्यायांचा तौलनिक अभ्यास करून तांत्रिक निकषांवर निवड केली. सर्वानुमते मंजूर.'

एवढ्यात बाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. बाराव्या आवृत्तीचं नाव बुकवर्म.

"म्हणजे कसर?" बाईंचा हात डिंकाच्या बाटलीवर थांबला. "पुस्तकाला लागते ती? दर पावसाळ्यात मी डांबराच्या गोळ्या घालून मरते, आणि तुम्ही हाताने आणून आत सोडलीत?"

भाचा नम्रपणे म्हणाला, "मावशी, नुसतं नाव आहे."

"असू दे. आणि तुझ्या या कसरीत ज्ञानेश्वरी कुठे येते?"

भाच्याने शोधून पाहिलं. जच्या शेपटाला.

बाईंनी मान डोलावली, कार्डांच्या कपाटाचा शेवटचा खण ओढून तो तेलकट फडक्याने पुसला, आणि परत जाताना सर्व्हरच्या मागे वाकल्या. "आणखी एक विचारते. यातली अशी कुठली आहे का, की जिच्यात पाल शिरत नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती पट्टी नव्या सर्व्हरलाही नव्हतीच. एसटीच्या पार्सलमध्ये कुठेतरी पडली असणार.

बाईंनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून हातभर बारीक जाळी मागवली आणि तारेने मागे घट्ट बांधून टाकली. खर्च पंचेचाळीस रुपये. पावती घेतली नाही म्हणून खजिनदारांनी तो अजून मंजूर केलेला नाही. विषय पुढच्या सभेत आहे. तिथे जाळी लोखंडाची असावी की नायलॉनची यावर दोन मतं असल्याचं मला आत्ताच कळलं आहे.